कोटाबाहेरचा कोट

मुंबईच्या जुन्या व्यापारपेठेचा वारसा लिहिणारे, दाखवणारे आणि जपणारे अभ्यासक, संपादक व वास्तुसंवर्धक यांस,



फोर्ट भागावरचा आपला कोणताही लेख हाती घेतला की पुढचा रस्ता वाचकाला पाठ असतो. हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्या, तिथल्या वडाखाली जमणारे जुने दलाल, सेंट थॉमस कॅथीड्रल, दलाल स्ट्रीटचा मनोरा आणि शेवटी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका उंचीच्या दगडी इमारती. सनावळी चोख, शैलींची नावे अचूक, छायाचित्रे देखणी. या कामाबद्दल आपले ऋण आहेच. आपण लिहिले नसते, याद्या केल्या नसत्या, तर यातल्या कित्येक इमारतींच्या जागी आज काचेचे ठोकळे उभे असते. तक्रार आहे ती लेखाच्या शेवटाकडे हमखास येणाऱ्या एका वाक्याबद्दल: संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की हा भाग निर्मनुष्य होतो. ज्या वेळेबद्दल आपण हे लिहिता, त्या वेळेला बोराबाजाराच्या माड्यांवर कुकरच्या शिट्ट्या होत असतात, बाजारगेट स्ट्रीटवर मुले शिकवणीहून परतत असतात, आणि तिथून चालत थोड्याच अंतरावर काळबादेवीत दिवसभराच्या हिशेबाची तोंडमिळवणी चाललेली असते. माणसे तिथे असतात, लेखात नसतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुंबईच्या वित्तपेठेची हद्द आपण कोटाच्या भिंतीवर आखता, आणि ती भिंत १८६०च्या दशकातच पाडली गेली. पेठ तेव्हाही भिंतीच्या आत मावत नव्हती. पैसा कोटात फिरत होता; पण तो मोजणारे, लिहिणारे, वाहून नेणारे आणि ज्यांच्या श्रमावर तो उभा राहिला ते लोक काळबादेवी, भुलेश्वर, गिरगावात आणि पुढे थेट परळ-लालबागपर्यंत राहत होते. त्यांची घरे ही त्या पेठेचीच मागली दालने. हद्द चुकीची आखली की पुढचे सगळे बिघडते. इमारत 'वारसा' ठरते आणि तिच्यात राहणारा माणूस 'अडचण' ठरतो; इमारतीला निळी पाटी लागते, माणसाला नोटीस लागते.

आधी भिंतीचेच पाहू. १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोटाची तटबंदी पुरी झाली. अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट असे तीन दरवाजे. या कोटात लोक राहत होते आणि दाटीने राहत होते: दक्षिणेकडे इंग्रज, उत्तरेला बाजारगेटच्या अंगाला पारशी, वाणी आणि इतर देशी व्यापारी. खाली पेढी, वर बिऱ्हाड. १८०३च्या आगीत या उत्तर भागाची राखरांगोळी झाली आणि देशी वस्ती कोटाबाहेर सरकवण्याला जोर आला. कोट आणि बाहेरची वस्ती यांच्यामध्ये तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे राखलेले होते; आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याची आजची शिल्लक. मैदानाच्या या काठाला कोट, त्या काठाला काळबादेवी आणि गिरगाव. म्हणजे ज्या अंतराला आपण 'व्यापारी' आणि 'निवासी' भागांमधला फरक समजता, ते मुळात तोफगोळ्याच्या पल्ल्याचे अंतर आहे. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला गेला, एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल उभे राहिले, आणि बँका व विलायती कंपन्या त्या कमानींखाली आल्या. लष्करी गरज संपली, तोफा गेल्या. त्यांनी आखलेले अंतर मात्र आपल्या लेखांतून अजून पहारा देत उभे आहे.

आता पैशाची वाट पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद, बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरांची झिंग, युद्ध थांबताच १८६५मध्ये कोसळलेला बाजार, आणि १८७५ साली दलालांनी काढलेली नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन, हा भाग आपण रंगवून सांगता. पण कापडाच्या ठाणांचा आणि सोन्याचांदीचा रोजचा व्यवहार मैदानापलीकडे होता: मुळजी जेठा मार्केटात, झवेरी बाजारात, काळबादेवीच्या पेढ्यांवर. हुंडी तिथे लिहिली जाई आणि तिथेच वटे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढे गिरण्या परळ-लालबागकडे पसरल्या. चिमण्या तिकडे, मॅनेजिंग एजंटांच्या कचेऱ्या कोटात, आणि शेअरची उलाढाल दलाल स्ट्रीटवर. एकाच गिरणीची ही अंगे आपण वेगवेगळ्या पुरवण्यांत वाटून टाकता: एक 'व्यापारी वारसा' म्हणून, दुसरे 'कामगार चळवळ' म्हणून, तिसरे 'बाजारातली भटकंती' म्हणून. गिरणीच्या वार्षिक हिशेबात मात्र कापूस, मजुरी आणि लाभांश एकत्रच लिहिलेले असत.

यावरून माझी पहिली तक्रार. आपल्या लेखांत वित्तपेठ संस्थापकांनी चालवलेली दिसते. ती रोज कोणी चालवली हे दिसत नाही. ठाकुरद्वारहून निघून धोबीतलाव ओलांडला की अर्ध्या तासात कोटात पायी पोचता येते. बँकांतले, विमा कंपन्यांतले आणि व्यापारी कचेऱ्यांतले कारकून, कॅशियर, टंकलेखक, शिपाई यांची बिऱ्हाडे गिरगावच्या चाळींत एवढ्या संख्येने झाली, त्यामागे ही चाल आहे. या पगारदारांनी स्वतःची वित्तव्यवस्थाही उभी केली. शामराव विठ्ठल सहकारी बँक १९०६ची. सारस्वत बँकेची सुरुवात १९१८ साली झाली ती सहकारी पतसंस्था म्हणून. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ची. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला कर्ज देण्यात मोठ्या व्यापारी बँकांना तेव्हा रस नव्हता, म्हणून या माणसांनी एकमेकांना पत दिली. परळ-लालबागला गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत पोचवले. बँकिंगचा इतिहास म्हणून ही घटना कोणत्याही घुमटाइतकी मोलाची आहे. तिला घुमट नाही, म्हणून ती आपल्या मार्गावर येत नाही.

इमारतींबरोबर माणसेही लिहा, हे काही नवे मागणे नाही. तट पाडण्याचे काम चालू होते त्याच सुमारास, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मराठीत या शहराचा परिचय करून देणारा हा आद्य ग्रंथ इमारती सांगतो तशीच माणसेही सांगतो: जाती, धंदे, बाजार, चालीरीती. शहर म्हणजे त्यात राहणारे लोक हे दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला समजावून सांगावे लागले नाही. तेव्हा आपल्याकडे मी आपल्याच परंपरेची थकबाकी मागतो आहे.

दुसरी तक्रार दर्शनी भागाच्या प्रेमाची. बोराबाजार किंवा मोदी स्ट्रीटवरची एखादी जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर स्टेशनरीचे किंवा छपाईचे दुकान. आत शिरताच वीजमीटरांची रांग, त्याखाली टपालाच्या पत्र्याच्या पेट्या. काही पेट्यांवरची नावे बुडालेल्या फर्मची, काही हयात माणसांची. लाकडी जिना मधोमध झिजून खोलगट झालेला आणि कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर, लाखो हातांनी काळा तुळतुळीत केलेला. पहिल्या माडीवर कस्टम क्लिअरिंग एजंट, दुसऱ्या माडीवर चार्टर्ड अकाउंटंट, आणि त्यांच्या वर दोन-तीन कुटुंबे, ज्यांच्या दारासमोर दुरुस्ती मंडळाने लावलेला लाकडी टेकू आता घरातल्या माणसासारखा झाला आहे. त्याला खिळा ठोकून कॅलेंडर टांगलेले असते. आपले छायाचित्र या इमारतीच्या कोरीव लाकडी कंसांवर संपते. कंसाचे मोल मी कमी करत नाही. पण ज्या इमारतीचा चेहरा राखायचा आणि आतली तुळई कुजू द्यायची, तिची गत काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १६ जुलै २०२० रोजी जीपीओजवळ मिंट रोडवरच्या भानुशाली इमारतीचा भाग कोसळला आणि तिथे राहणारी माणसे ढिगाऱ्याखाली मेली. रिझर्व्ह बँकेच्या मनोऱ्यापासून ही जागा काही पावलांवर. निर्मनुष्य म्हटल्या जाणाऱ्या पेठेत ही माणसे राहत होती याची नोंद अनेकांच्या लेखी त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला ३० जून २०१८ रोजी जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही आहे. पण ओव्हलच्या दोन काठांवरच्या या देखण्या यादीत आर्ट डेकोच्या बाजूच्या इमारती बहुतांशी राहती घरे आहेत, आणि तिथे रहिवाशांनीच पुढाकार घेऊन त्या जपल्या, हे आपण अभिमानाने सांगता. मग हाच न्याय मैदानापलीकडच्या चाळीला का नाही? मरीन ड्राइव्हचा रहिवासी वारशाचा राखणदार आणि फणसवाडीचा रहिवासी पुनर्विकासातला 'लाभार्थी', हा भेद वास्तुशास्त्रातून आलेला दिसत नाही.

तिसरी तक्रार भाडेनियंत्रणाविषयीच्या अर्धवट सांगण्याची आहे. 'भाडी गोठली म्हणून इमारती मोडकळीला आल्या' हे एक वाक्य लिहून आपण पुढे जाता. ते खोटे नाही. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर थांबवली, घरमालकाला दुरुस्ती परवडेना, पागडीची पद्धत रुजली. पण पुढचे अर्धे सांगायला हवे. या गोठलेल्या भाड्यांचा लाभ फक्त गरीब बिऱ्हाडाला झाला नाही; कोटातल्या बँका आणि मोठमोठ्या कंपन्या त्याच कायद्याच्या सावलीत अर्धशतक बसल्या होत्या. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. म्हणजे पहिल्या माडीवरची बँक आणि तिसऱ्या माडीवरचे कुटुंब यांच्यातला फरक कायद्याला कळायला १९४७ ते २००० एवढा काळ लागला. दुसरीकडे १९६९च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. उपकरप्राप्त इमारती मुळात १९,६४२ होत्या. उपकर भरूनही टेकूवर उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या माणसाला 'फुकट राहतो' असे म्हणणे हिशेबाच्या भाषेतही बरोबर नाही. भाडे कमी होते हे जमेला धरा. न झालेली दुरुस्ती आणि संक्रमण शिबिरात सरलेली वर्षे हेही नावे टाका.

चौथी तक्रार अशी की ही चूक आता दुसऱ्यांदा होते आहे. कोटातून निघालेली कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात गेली तशी लोअर परळलाही आली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१च्या बदलाने हे वाटप फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते आकसले आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. १९८२च्या गिरणी संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या वस्तीत एक नवी वित्तपेठ उभी राहिली. तिच्यावरच्या लेखांतही तेच घडते आहे: मॉलच्या आवारात राखलेल्या चिमणीचे छायाचित्र आणि 'कायापालट' हा शब्द. पण पेठेला रोज येणारी माणसे लागतात, आणि ती कोठून, कशी येतात हे कोणी मोजले नाही, तर त्याची किंमत माणसेच मोजतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. पूल गिरणगावच्या काळातला आणि गर्दी नव्या कचेऱ्यांची, हे गणित कोणत्याही कौतुकलेखात नव्हते.

आता आपले आक्षेप. पहिला असा असेल की इमारतीला पुरावा असतो, रहिवाशांच्या आठवणी ऐकीव असतात. मी आठवणी मागतच नाही. भाड्याच्या पावत्या आहेत, उपकराची नोंदणी आहे, मतदारयाद्या आहेत, पतसंस्थांची सभासदपुस्तके आहेत. आणि गिरगाव-लालबागकडे आणखी एक साधन आहे ज्याकडे आपण उत्सव म्हणूनच पाहिले: सार्वजनिक गणेशोत्सवाचा वार्षिक अहवाल. केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३पासूनचा. अशा मंडळांच्या अहवालात जमाखर्च असतो, वर्गणीदारांची यादी असते, मागल्या पानावर दुकाने, खानावळी, पतपेढ्या यांच्या जाहिराती असतात. कोण कोठे राहत होते, किती देऊ शकत होते, कोणता धंदा कधी आला आणि कधी गायब झाला, हे सगळे त्यात वर्षवार छापलेले असते. वित्तपेठेच्या अभ्यासकाने जमाखर्चाला पुरावा मानू नये, हे नवलच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लोक आपणहून गेले. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या, संडासाला रांग, पाणी पहाटेचे. डोंबिवलीला दोन खोल्या आणि स्वतःचे न्हाणीघर मिळत असेल तर कोण राहील? हे खरे आहे, आणि चाळीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. गॅलरीतल्या शेजारधर्माची किंमत बहुधा बायकांच्या कष्टाने चुकती झाली आहे. पण 'आपणहून' या शब्दाची तपासणी करायला हवी. घर दुरुस्त होत नाही, शेजारी नवी घरे पगारदाराच्या आवाक्यात नाहीत, आणि पुनर्विकासाचा करार वर्षानुवर्षे लटकतो, अशा तीन भिंतींच्या खोलीत ज्याला एकच दार उघडे ठेवले, तो त्या दाराने गेला याला निवड म्हणता येईल का? मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११मध्ये ३० लाख ८५ हजार झाली. काळबादेवी-भुलेश्वरचा सी वॉर्ड त्याच दहा वर्षांत सुमारे २ लाख ३ हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर आला. फोर्ट ज्यात येतो त्या ए वॉर्डात, कुलाबा-कफ परेड धरून, तरीही १ लाख ८५ हजार माणसे होती. घट मोठी आहे, ओसाडपणा नाही. आणि जिथल्या तिथे घर देता येते हे सरकारनेच दाखवले आहे. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. उंच मनोऱ्यांबद्दल वाद घालता येईल. माणूस त्याच वस्तीत राहू शकतो, एवढे मात्र आता अशक्य म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप: वित्तपेठ हललीच आहे, मग जुन्या हद्दीवर एवढी शाई कशाला? राष्ट्रीय शेअर बाजार वांद्रे-कुर्ल्यात आहे. दलाल स्ट्रीटवरच्या रिंगमधला आरडाओरडा १९९५मध्ये संगणक आल्यावर थांबला. रिंगमधले जॉबर म्हणजेच तारवणीवाले आता शब्दकोशातच सापडतील. हे सगळे मान्य. पण पेठ वाऱ्याने हलली नाही. दक्षिण मुंबईतली कचेऱ्यांची दाटी कमी करायची हे १९७०च्या दशकातच ठरले आणि वांद्रे-कुर्ला संकुल त्या धोरणातून आले. धोरणाने कचेरी हलवता येते, तर धोरणाने रिकाम्या मजल्यावर बिऱ्हाडही आणता येईल. म्हणूनच शाई आज खर्चायची. मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पुरी सुरू झाली. तिच्या नकाशावर हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव ही स्थानके एकापुढे एक येतात. मैदानाने तोडलेले दोन काठ रुळांनी पुन्हा जोडले, आणि त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारतींनी जागा सोडली. आता या जोडणीचा भाव जमिनीत चढेल. तो कोणाच्या पदरात पडायचा हे पुढच्या काही वर्षांत ठरणार आहे, आणि 'इथे कोणी राहतच नाही' हे आपले वाक्य बिल्डरच्या फार उपयोगाचे आहे.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या. पहिली, नकाशा बदला. वित्तपेठेचा फेरफटका बॅलार्ड इस्टेटला संपवू नका. तो मैदान ओलांडून काळबादेवीच्या पेढ्यांवरून ठाकुरद्वारपर्यंत न्या, आणि वर्षातून एकदा तरी परळ-लालबागला. दुसरी, वारसा यादीतल्या प्रत्येक इमारतीच्या नोंदीत सन, शैली आणि वास्तुविशारदाबरोबर एक रकाना वाढवा: आत आज कोण आहे, कोणत्या हक्काने आहे, आणि वरचे मजले राहते आहेत की रिकामे. वारसा नियमावलीने ऐतिहासिक आणि सांस्कृतिक मोलालाही वारसा मानले आहे. तेव्हा या रकान्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

तिसरी मागणी आपल्यातल्या संवर्धकांना. वारसा इमारतीच्या मालकाला विकास हक्कांची जी सवलत मिळते, ती मिळवून देताना आपला अहवाल महत्त्वाचा असतो. त्या अहवालात दर्शनी भागाइतकीच जिन्याची, तुळयांची आणि मलवाहिनीची दुरुस्ती लिहा, आणि राहता भाडेकरू कायम राहील ही अट सुचवा. कोटातल्या रिकाम्या मजल्यांचा फेरवापर सुचवताना बुटिक हॉटेल आणि कॅफे यांच्या आधी भाड्याची घरे सुचवा. रुग्णालये, न्यायालये, बँका आणि बंदरात काम करणारे हजारो लोक रोज तासन्‌तास गाडीत उभे राहून याच भागात येतात. चौथी मागणी संपादकांना. गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, पतसंस्थांची जुनी पुस्तके, पेढ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या पुनर्विकासाच्या वेळी पहिल्या दिवशी रद्दीवाल्याकडे जातात. इमारत पाडण्याआधी छायाचित्रकार पाठवता, तसा कागद गोळा करणारा एक माणूसही पाठवा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था याच शहरात आहेत. त्यांच्याशी बोलता येईल.

यातले एकही काम अवघड नाही, आणि आपल्याइतके ते कोणाला जमणारही नाही. याद्या आपण करता, नकाशे आपण काढता, लोक आपले ऐकतात. सगळे एका दमात होणार नाही हे मी जाणतो. तोपर्यंत पुढच्या लेखाचे मुद्रित तपासताना एवढे करावे: शेवटाकडचे ते वाक्य आले की पेन उचलून खोडावे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
एक मुंबईकर वाचक